मेल सर्व्हरवर कडक तपासणी लावण्याआधी: पोस्टफिक्स नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर उभा राहिला, मेल येऊ-जाऊ लागली, की पाठोपाठ स्पॅम येतोच. मग नवा ॲडमिन इंटरनेटवरून 'स्ट्रिक्ट' आणि 'रिजेक्ट'ने सुरू होणाऱ्या दहा-बारा ओळी उचलतो आणि मेन.सीएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये चिकटवतो. स्पॅम कमी होतो, यात वाद नाही. पण त्याच ओळींमुळे झेरॉक्स मशीनवरचे स्कॅन यायचे थांबतात, पगारपत्रकं पाठवणारं जुनं सॉफ्टवेअर गप्प होतं, कुणाची तरी मेल परस्पर परत जाते. ज्यांची मेल अडकते ते बहुतेक वेळा तांत्रिक लोक नसतात. त्यांच्या हातात एवढंच उरतं की एक म्हणतो 'मी पाठवली' आणि दुसरा म्हणतो 'मला आलीच नाही'.

कडकपणा नकोच, असं मी म्हणत नाही. दोन-तीन ठिकाणी तो हवाच, आणि तिथे सूट देणं धोक्याचं आहे. पण कुठली ओळ नेमकं काय अडवते आणि अडवल्यावर कुणाला काय कळतं, हे ठाऊक नसेल तर ती ओळ लावू नये.

सेटिंगची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो आहे. फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत आणि शब्दांच्या मधे अंडरस्कोर घालून लिहायची.

पहिली पायरी: पाकीट वेगळं, पत्र वेगळं

हा भेद पक्का झाल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. एक सर्व्हर दुसऱ्याला मेल देतो तेव्हा आधी दोघांत छोटं बोलणं होतं. पाठवणारा 'ईएचएलओ' म्हणून आपलं नाव सांगतो. मग

मेल फ्रॉम:<लेखा@उदाहरण.परीक्षा>
आरसीपीटी टू:<वसुली@उदाहरण.परीक्षा>
डेटा

अशा आज्ञा येतात. हे झालं पाकीट. 'डेटा'नंतर जे येतं ते पत्र. त्यात फ्रॉम, टू, सब्जेक्ट, डेट हे हेडर आणि खाली मजकूर असतो. पाकिटावरचा पत्ता आणि पत्रातला पत्ता वेगळे असू शकतात, आणि तसे असणं बेकायदा नाही. टपालानेही पत्र असंच जातं. पोस्टमन पाकिटावरचा पत्ता बघतो, आतला मायना नव्हे.

इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या क्रमांकित दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात. पाकिटाचे नियम आरएफसी ५३२१ मध्ये आहेत आणि पत्राचे आरएफसी ५३२२ मध्ये. दोन्ही ऑक्टोबर २००८ चे. त्यांचे पूर्वज ८२१ आणि ८२२ हे ऑगस्ट १९८२ चे. पोस्टफिक्सच्या सेटिंगमध्ये अजून ८२१ हा आकडा दिसतो तो त्यामुळेच.

या जुन्या काळाबरोबर एक विचारही आला. आरएफसी ८२१ लिहिणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्येच टीसीपी या इंटरनेटच्या मूळ संवाद-नियमाच्या दस्तऐवजात लिहून ठेवलं होतं की पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार राहा. इंटरनेट वाढलं त्यात या उदारपणाचा मोठा वाटा आहे. पण घेणारा चुका पोटात घालतो म्हणून पाठवणारा सुधारतच नाही, हीही खरी अडचण आहे. जून २०२३ च्या आरएफसी ९४१३ मध्ये त्याची सविस्तर चर्चा आहे. आपल्यापुढचा प्रश्न या दोन टोकांच्या मधला आहे.

दुसरी पायरी: आत्ता काय लावलंय ते बघा

'पोस्टकॉन्फ' ही आज्ञा छोट्या एन पर्यायासह चालवा. मूळ किमतींपेक्षा वेगळं जे काही तुमच्या सर्व्हरवर आहे तेवढंच दिसेल. छोट्या डी पर्यायाने मूळ किमती दिसतात. हे दोन्ही एका फाइलमध्ये जपून ठेवा आणि मगच बदल करा. दुसऱ्याने उभा केलेला सर्व्हर तुमच्याकडे आला असेल तर ही पायरी अजिबात वगळू नका. त्यात निम्म्या ओळी कुणी, कधी, कशासाठी घातल्या हे सांगणारं कुणी नसतं.

तिसरी पायरी: एकेक ओळ समजून घ्या

सुरुवात 'स्ट्रिक्ट आरएफसी८२१ एन्व्हलप्स'पासून. मूळ किंमत 'नो'. 'येस' केलं की पाकिटावरचा पत्ता कोनी कंसातच हवा, आणि त्यात नाव किंवा टिप्पणी नको. पोस्टफिक्सच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलंय की यामुळे वाईट लिहिलेल्या सॉफ्टवेअरची मेल थांबते. अडचण अशी की वाईट लिहिलेलं सॉफ्टवेअर फक्त स्पॅमवाल्यांकडे नसतं.

एका छोट्या ऑफिसात पाहिलेली गोष्ट सांगतो. जिन्याखालचं मल्टिफंक्शन मशीन कागद स्कॅन करून थेट मेलवर पाठवायचं. ही ओळ लागल्यावर स्कॅन येईनात. मशीनच्या पडद्यावर फक्त 'पाठवता आलं नाही' एवढंच. लॉगमध्ये मात्र सगळं स्पष्ट होतं. मशीन 'मेल फ्रॉम:' नंतर पत्ता कंसाशिवाय, उघडाच लिहीत होतं, आणि सर्व्हर त्याला '५०१ ५.१.७ बॅड सेंडर ॲड्रेस सिंटॅक्स' असं उत्तर देत होता. मशीन ऑफिसच्याच नेटवर्कवर होतं आणि आपल्या नेटवर्कला सूट देणारं 'परमिट मायनेटवर्क्स' सगळ्यात वर लिहिलेलं होतं, तरीही हे घडलं. इथेच नवखे अडकतात. ही ओळ परवानग्यांच्या यादीत मोडत नाही. आज्ञा वाचतानाच तिची तपासणी होते, त्यामुळे यादीत वर कुणाला सूट दिली आहे याच्याशी तिचा संबंध नाही.

पुढची ओळ ईएचएलओच्या नावाची. 'रिजेक्ट इनव्हॅलिड हेलो होस्टनेम' चुकीच्या घडणीचं नाव अडवते आणि तिचा त्रास कमी होतो. 'रिजेक्ट नॉन एफक्यूडीएन हेलो होस्टनेम' मात्र ज्या नावात पूर्ण डोमेन नाही ते अडवते. घरच्या लॅपटॉपवरचा मेल प्रोग्रॅम बऱ्याचदा नुसतं कॉम्प्युटरचं नाव सांगतो, म्हणून पासवर्ड देऊन मेल पाठवणाऱ्या तुमच्याच लोकांवर ही तपासणी चालवू नका. 'परमिट सॅसल ऑथेंटिकेटेड' तिच्या आधी यायला हवं. 'रिजेक्ट अननोन हेलो होस्टनेम' तर सांगितलेलं नाव डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नावांच्या नोंदवहीत, आहे का ते बघते. कितीतरी प्रामाणिक सर्व्हरांची ही नोंद नीट नसते. मी ती लावत नाही.

सर्व्हर-सर्व्हरमध्येही फरक असतो. ईएचएलओच्या नावातला अंडरस्कोर नियमाला धरून नाही, तरी पोस्टफिक्स तो चालवून घेतो. एक्झिम हा दुसरा मेल सर्व्हर मुळात घेत नाही, त्याला 'हेलो अलाउ कॅर्स'मध्ये तसं सांगावं लागतं. म्हणून 'जुन्या सर्व्हरवर चालत होतं' हे वाक्य ऐकलं की समोरच्याला खोटं ठरवू नका.

जिथे कडकच राहायचं: ओळीचा शेवट

मेल सर्व्हर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात त्या एसएमटीपीत प्रत्येक ओळ दोन अदृश्य चिन्हांनी संपते, सीआर आणि एलएफ. मेलचा शेवट म्हणजे स्वतंत्र ओळीवर एकच पूर्णविरामाचा टिंब, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हीच जोडी. नुसता एलएफ चालत नाही. पण बरेच सर्व्हर उदारपणे तोही घेत होते.

१८ डिसेंबर २०२३ रोजी सेक कन्सल्ट या सुरक्षा कंपनीच्या टिमो लॉन्गिन यांनी या उदारपणाचा गैरवापर कसा होतो ते दाखवून दिलं. त्याला एसएमटीपी स्मगलिंग म्हणतात. हल्लेखोर मेलच्या मजकुरात मुद्दाम अर्धवट शेवटखूण घालतो. पाठवणारा सर्व्हर तिला मजकूर समजून पुढे ढकलतो. घेणारा सर्व्हर तिला खरा शेवट मानतो आणि तिच्यापुढचा मजकूर नव्या आज्ञा म्हणून वाचतो. म्हणजे एका मेलच्या पोटातून दुसरी मेल बाहेर येते, जिच्या पाकिटावर हल्लेखोराने हवा तो पत्ता लिहिलेला असतो. ती खऱ्या सर्व्हरच्याच आयपीवरून आलेली असल्यामुळे एसपीएफची, म्हणजे या डोमेनची मेल या आयपीवरून येऊ शकते का याची, तपासणीही पार होऊ शकते. पोस्टफिक्स, सेंडमेल आणि एक्झिम या तिघांनाही यावर दुरुस्ती द्यावी लागली.

पोस्टफिक्समध्ये यासाठी 'एसएमटीपीडी फॉरबिड बेअर न्यूलाइन' आहे. 'नॉर्मलाइज' ठेवलं तर मेलचा शेवट फक्त पूर्ण जोडीनेच मानला जातो, पण मजकुरातल्या इतर अर्धवट ओळी दुरुस्त करून घेतल्या जातात. पोस्टफिक्स ३.९ पासून हीच मूळ किंमत आहे. 'रिजेक्ट' ठेवलं तर एकही सुटा एलएफ दिसला की मेल परत. माझं मत स्पष्ट आहे, बहुतेकांसाठी 'नॉर्मलाइज' पुरेसं आहे. भोक बुजतं आणि प्रामाणिक माणसाची मेलही पोचते. 'रिजेक्ट'मुळे 'डेटा'ऐवजी 'बीडीएटी' या आज्ञेने मेल पाठवणाऱ्या काही सेवांचीही मेल अडते, कारण त्यांच्या मजकुरात सुटे एलएफ असतात. तरीही 'रिजेक्ट' हवंच असेल तर 'एसएमटीपीडी डिस्कार्ड ईएचएलओ कीवर्ड्स'मध्ये 'चंकिंग' घाला, म्हणजे समोरचा ती आज्ञा वापरणारच नाही.

मराठी मजकुराला लागणारे दोन फटके

'स्ट्रिक्ट ८बिटमाइम', 'स्ट्रिक्ट ७बिट हेडर्स' ही भावंडं. सर्वसाधारण मेल सर्व्हरवर ती लावू नका, कारण खरी मेल अडण्याची शक्यता आहे, असा इशारा माहितीपुस्तिकेतच आहे. आपल्याला तो जास्तच लागू पडतो. मेलचा विषय मराठीत असेल तर नियमाप्रमाणे तो आधी सांकेतिक रूपात बदलून हेडरमध्ये घालायचा असतो. जीमेल, थंडरबर्ड, आउटलुक हे काम न सांगता करतात. पण शाळेच्या संकेतस्थळावरचा फॉर्म किंवा सोसायटीच्या देखभालीची बिलं पाठवणारी कुणीतरी लिहिलेली पीएचपी स्क्रिप्ट विषय तसाच, कच्च्या यूटीएफ-८ मध्ये सोडून देते. हेडरची ती सेटिंग लावली की 'देखभाल शुल्क: ऑगस्ट' परत जातं आणि इंग्रजी विषयाची मेल व्यवस्थित पोचते. मग स्क्रिप्टवाला सांगतो, मराठी वापरू नका. इलाज तो नव्हे. स्क्रिप्टमध्ये विषय नीट एन्कोड करून घ्या.

दुसरा फटका ओळीच्या लांबीचा. मेलमधली एक ओळ जास्तीत जास्त ९९८ बाइटची, शेवटची जोडी सोडून. रोमन अक्षर एका बाइटचं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि काना, मात्रा, वेलांटी ही सगळी वेगळी मोजली जातात. हिशेब करून बघा, पन्नासेक मराठी शब्दांचा परिच्छेद एंटर न मारता लिहिला तर मर्यादा ओलांडली जाते. इंग्रजीत तेवढ्याच शब्दांना एक तृतीयांशाहून कमी जागा लागते, म्हणून इंग्रजीत चाचणी करणाऱ्याला हा दोष कधी दिसतच नाही. एक्झिमच्या नव्या आवृत्त्या अशी लांब ओळ नाकारतात. पोस्टफिक्स मेल बाहेर पाठवताना ओळ तोडून मधे एक जागा घालतो. काप अक्षराच्या मधोमध आला तर ते अक्षर फुटतं, आणि मेलवर आधीच डीकेआयएमची डिजिटल सही झाली असेल तर सहीही जुळत नाही. मजकूर बेस६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल या सांकेतिक रूपात बदलून पाठवला की हा प्रश्न उरत नाही.

यातून एक सावधगिरी निघते. चुकीची मेल स्वतः दुरुस्त करून पुढे पाठवणारा सर्व्हर दयाळू वाटतो, पण सही झालेल्या मेलला कुठे हात लावला जातोय ते बघून घ्या.

चौथी पायरी: नाकारण्याआधी नुसतं बघा

नव्या माणसाला पोस्टफिक्समधली एकच गोष्ट शिकवायची झाली तर मी 'वॉर्न इफ रिजेक्ट' शिकवीन. कुठल्याही रिजेक्ट नियमाच्या आधी हे शब्द लिहिले की मेल आत येते, आणि लॉगमध्ये 'रिजेक्ट वॉर्निंग' अशी नोंद पडते. कुणाची मेल अडली असती ते आयतं कळतं. डेबियन-उबुंटूवर मेल.लॉग आणि रेड हॅटच्या घराण्यात मेललॉग नावाची फाइल बहुधा असते. रोज सकाळी त्यात हे शब्द शोधा.

किती दिवस बघायचं? आठवडा पुरत नाही. पगारपत्रकं, बँकेची स्टेटमेंट, भाड्याच्या पावत्या महिन्यातून एकदाच येतात. निदान एक महिनाअखेर या पाहणीत आली पाहिजे.

'एसएमटीपीडी डिले रिजेक्ट' मुळात 'येस' असतं, तसंच राहू द्या. त्यामुळे नकार घेणाऱ्याचा पत्ता येईपर्यंत थांबतो आणि लॉगमध्ये पाठवणारा व घेणारा दोघेही दिसतात. नाहीतर नुसता आयपी हातात घेऊन शोधत बसावं लागतं.

'वॉर्न इफ रिजेक्ट' यादीतल्या नियमांना चालतं, वर सांगितलेल्या 'स्ट्रिक्ट' सेटिंगना नाही. त्यांच्यासाठी 'सॉफ्ट बाउन्स' तात्पुरतं 'येस' करता येतं. मग ५ ने सुरू होणारे कायमचे नकार ४ ने सुरू होणारे तात्पुरते होतात. हे फक्त दोन-तीन दिवसांसाठी, आणि तुम्ही लॉगवर लक्ष ठेवून आहात तोवरच.

पाचवी पायरी: चार की पाच

वरच्या ओळीत जो आकडा आला तो साधा नाही. ५ म्हणजे 'घेणार नाही'. पाठवणाऱ्याला लगेच बाउन्स, म्हणजे मेल पोचली नाही अशी सूचना, मिळतो आणि तो फोन तरी करतो. ४ म्हणजे 'नंतर ये'. मग पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स मुळात ५ दिवस प्रयत्न करतो, आणि उशीर होतोय अशी सूचनाही मुळात पाठवत नाही. तुमची तपासणी कायमच नापास करणार असेल तर ४ चा आकडा म्हणजे पाच दिवसांची शांतता. क्यूमेल हा जुना मेल सर्व्हर सुट्या एलएफला ४५१ असं उत्तर देत असे, आणि अशा मेल समोरच्या सर्व्हरच्या रांगेत निष्कारण फिरत राहत.

पोस्टफिक्समध्ये 'रिजेक्ट नॉन एफक्यूडीएन सेंडर' ५०४ देतं, पण 'रिजेक्ट अननोन सेंडर डोमेन' मुळात ४५० देतं. नियम लावताना त्याचा आकडाही बघा. घडण चुकली असेल तर ५, आणि डीएनएससारखी उद्या सुधारेल अशी अडचण असेल तर ४.

झेरॉक्स मशीन, सीसीटीव्हीचा डबा, यूपीएस ही मंडळी ४ आणि ५ मध्ये भेद करत नाहीत. एकदा नकार मिळाला की विषय संपला.

सहावी पायरी: सूट द्या, पण नेमकी

एका मशीनसाठी अख्ख्या सर्व्हरची तपासणी ढिली करू नका. मास्टर.सीएफमध्ये अंतर्गत आयपीवर दुसऱ्या पोर्टवर ऐकणारी वेगळी एसएमटीपीडी सेवा लिहा आणि छोट्या ओ पर्यायाने तिथल्यापुरती ती स्ट्रिक्ट सेटिंग 'नो' करा. फायरवॉलमध्ये तो पोर्ट फक्त त्या मशीनना उघडा. दुसरा मार्ग 'एसएमटीपीडी कमांड फिल्टर'चा. येणारी आज्ञा वाचण्याआधीच नमुन्याप्रमाणे बदलता येते, म्हणजे उघड्या पत्त्याला कंस घालून देता येतात. तो जपून वापरा, कारण नमुना सैल लिहिला तर भलत्याच आज्ञा बदलतील.

'मायनेटवर्क्स' वाढवत नेणं हा सोपा पण चुकीचा उपाय. त्या यादीतल्या कुणालाही तुमच्यामार्फत जगभर मेल पाठवता येते.

घरी लिहिलेले नमुने

पत्ता 'बरोबर' आहे का हे तपासणारा रेगेक्स, म्हणजे अक्षरांचा नमुना, स्वतः लिहून सर्व्हरवर लावण्याचा मोह टाळा. ॲट चिन्हाच्या डावीकडे अधिक चिन्ह, अपॉस्ट्रॉफी, टक्का, बरोबरचं चिन्ह हे सगळं नियमाने चालतं. त्या भागाचा अर्थ लावण्याचा अधिकार फक्त मेल जिथे पोचायची त्या सर्व्हरला आहे. जपानमध्ये एनटीटी डोकोमोने बरीच वर्षं लागोपाठ दोन टिंबं असलेले किंवा ॲटच्या लगेच आधी टिंब असलेले पत्ते दिले. ते नियमात बसत नाहीत, पण माणसं खरी आणि पत्ते चालू. त्यांना मेल पाठवताना कितीतरी लायब्रऱ्या अडखळतात.

रिकामा पाठवणारा, म्हणजे नुसता कोनी कंस, कधीही अडवू नका. बाउन्स तसेच येतात. ते अडवले तर तुमच्या लोकांना आपली मेल पोचली नाही हेच कळणार नाही. आणि पोस्टमास्टर हा पत्ता चालू ठेवा. नियमाने तो डोमेनशिवाय लिहिला तरी स्वीकारायचा असतो.

देवनागरीतले पत्तेही आता खरे आहेत. .भारत हे डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये आलं, त्यात देवनागरी वापरणारी मराठी आणि कोकणीही आहे. त्याच महिन्यात जीमेलने अशा पत्त्यांशी देवाणघेवाण सुरू केली. यासाठीचा एसएमटीपीयूटीएफ८ हा नियम २०१२ चा, आणि पोस्टफिक्स ३.० पासून तो सांभाळतो. फक्त ए ते झेड मान्य करणारा तुमचा रेगेक्स मात्र अशा पत्त्याला दारातूनच परत पाठवेल.

सातवी पायरी: चाचणी

स्वॅक्स हे साधन सगळ्यात सोयीचं. हाताने बोलून बघायचं असेल तर एक अडचण ध्यानात ठेवा. नेटकॅट हा प्रोग्रॅम मुळात ओळ नुसत्या एलएफने संपवतो, म्हणजे 'रिजेक्ट' लावलेला सर्व्हर तुम्हालाच हाकलेल आणि तुम्ही भलतीकडे चूक शोधत बसाल. त्याला मोठ्या सीचा पर्याय द्या. ओपनएसएसएलच्या एस_क्लायंटला 'सीआरएलएफ' हा पर्याय द्या, आणि तिथे आरसीपीटी छोट्या अक्षरांत लिहा. ओळीच्या सुरुवातीला मोठा आर आला तर एस_क्लायंट ती एन्क्रिप्शनची बोलणी पुन्हा करण्याची खूण समजतो.

मराठी विषय, पन्नासहून जास्त शब्दांची एकच ओळ, अधिक चिन्हाचा पत्ता, रिकामा पाठवणारा आणि ऑफिसातलं प्रत्येक मशीन, एवढं तरी तपासा. जीमेलवरही एक प्रत पाठवा. फ्रॉम हेडर दोनदा आला किंवा त्यात पत्ताच नसला तर जीमेल ५५० देऊन मेल नाकारतं, आणि तुमच्या स्क्रिप्टची चूक लगेच उघडी पडते.

शेवटी 'एसएमटीपीडी रिजेक्ट फूटर' लावा. नकाराच्या प्रत्येक उत्तराला तो एक वाक्य जोडतो. तिथे 'मदतीसाठी या नंबरवर फोन करा' असं लिहून सर्व्हर सांभाळणाऱ्याचा फोन नंबर द्या, शिवाय समोरच्याचा आयपी आणि वेळ दाखवणारी चलंही घाला. समोरचा सर्व्हर बाउन्समध्ये हे वाक्य बहुधा जसंच्या तसं दाखवतो. ज्याची मेल अडली तो तोच नंबर लावेल, आणि आयपी व वेळ हातात असल्यामुळे लॉगमधली नेमकी ओळ तुम्हाला मिनिटभरात सापडेल.